बॉक्स उतरवण्याआधी क्लचचं माप घ्या

सप्रेम नमस्कार,
माझ्या मामांची १९६५ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार गेल्या वर्षी माझ्याकडे आली. ते गेल्यावर काही वर्षं ती सदाशिव पेठेतल्या वाड्यात तशीच उभी होती. मी ती चालू करून घेतली, पण गिअरबॉक्सचं काही खरं दिसत नाही. सिग्नलजवळ गाडी हळू करताना पहिला टाकला की कर्रकन ओरडतो. रिव्हर्स तर उभ्या गाडीतही ओरडल्याशिवाय पडत नाही. कात्रजचा जुना घाट उतरताना चौथ्यातून तिसरा टाकला की तोच आवाज. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना खालून घरघर येते, क्लच दाबला की थांबते. मध्यंतरी ऑइल बदललं, नव्वद नंबरचं टाकलं, तेव्हापासून ओव्हरड्राइव्हही (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोडसोय) धड लागत नाही. मिस्त्री म्हणतात, बॉक्स संपलाय, इंजिनासकट उतरवू आणि दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवून देऊ. काय करू?
– एक वाचक, सहकारनगर

ताई,

पाच गिअरच्या बॉक्सला तूर्त नाही म्हणा. इंजिन उतरवण्याची तारीखही अजून देऊ नका. तुम्ही पाच तक्रारी लिहिल्यात आणि मिस्त्रींनी पाचांना मिळून एकच उत्तर दिलंय. मला तुमच्या पत्रात निदान चार वेगवेगळी कारणं दिसतात. त्यातलं एक तर बिघाडच नाही आणि दोन बहुधा बॉक्स न उघडता निस्तरतील. एक मात्र खरोखर आतलं आहे, आणि त्याची मला काळजी वाटते.

हे आधी वेगळं करून घ्यायचं कारण गाडीच्या बांधणीतच आहे. पुष्कळ गाड्यांचा गिअरबॉक्स खालच्या खाली सोडवता येतो. एमजीबीत ते जमत नाही, इंजिन बाहेर काढावंच लागतं. रेडिएटर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट सगळं सुटतं. एवढं करून बॉक्स टेबलावर आला आणि दोष क्लचच्या सिलिंडरमध्ये निघाला, तर पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण साठ वर्षं जुने नट-बोल्ट, रबर आणि वायरी उगाच हलवल्या गेल्या की त्यातून नवीन दुखणी निघतात, ती वेगळीच.

पहिल्या गिअरपासून सुरुवात करू. एमजीबी १९६२ साली आली. १९६७च्या अखेरीस गाडीची दुसरी आवृत्ती येईपर्यंत तिच्या बॉक्समध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरलाच सिंक्रो होते. पहिल्याला नव्हताच. धावत्या पीएमटीत चढताना माणूस आधी चार पावलं बसच्या वेगानं पळतो आणि मग दांडा धरतो. सिंक्रो रिंग गिअरसाठी नेमकं तेच करते, दोन भागांचे वेग जुळवून देते आणि मगच दाते एकमेकांत जातात. पहिल्या गिअरला ही सोयच नसल्यामुळे गाडी सरकत असताना तो टाकला की ओरडणारच. नवी कोरी गाडी असतानाही ओरडत होता. जुन्या अँबॅसेडरवर हात बसलेल्या मिस्त्रींना हे सांगावं लागत नाही. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमच्या गाडीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज कुळातली. म्हणून अँबॅसेडरच्या बॉक्समधले गिअर तुमच्याकडे बसतील असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तेव्हा सिग्नलला गाडी पूर्ण थांबली की मगच पहिला टाका. सरकत असेल तर दुसऱ्यावर चालवा, या इंजिनाला खालच्या आरपीएमला चांगली ताकद आहे. पहिल्या गिअरमध्ये जो उंच सुरातला आवाज येतो तोही सरळ दात्यांचा असतो, त्यानं घाबरू नका.

रिव्हर्सची गोष्ट वेगळी आहे. सिंक्रो त्यालाही नाही, पण गाडी उभी असताना आणि क्लच पूर्ण दाबलेला असताना आतलं चाक थोड्या सेकंदांत थांबायला हवं. ही परीक्षा तुम्ही घरच्या पार्किंगमध्ये स्वतः घ्या. इंजिन गरम, आयडलिंगवर. क्लच तळापर्यंत दाबा, मनात दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. शांतपणे पडला तर क्लच सुटतोय, तुमची घाई होत होती एवढंच. दहा मोजूनही कर्र झालं, तर क्लच पूर्ण सुटत नाही, इंजिन अजून बॉक्सला फिरवतंय. तुम्ही ‘उभ्या गाडीतही’ असं लिहिलंय, त्यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पेडल अगदी फरशीजवळ आल्यावर गाडी उचलते का, तेही पाहून ठेवा.

या गाडीत क्लचला केबल नाही, ब्रेकसारखं फ्लुइड आहे. पेडलजवळ मास्टर सिलिंडर आणि बॉक्सच्या बेल हाउसिंगवर स्लेव्ह सिलिंडर. स्लेव्हचा दांडा क्लचच्या फोर्कला ढकलतो. गाडी रॅम्पवर घ्या, एकाला पेडल दाबायला बसवा आणि खालून त्या दांड्याजवळ स्टीलची पट्टी धरा. पूर्ण दाबल्यावर दांडा साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर सरकायला हवा. आठ-नऊच सरकत असेल तर तुमचा रिव्हर्स का ओरडतो ते कळलं, आणि अजून एकही नट सोडलेला नाही.

प्रवास कमी पडण्याची कारणं आता क्रमानं बघायची, स्वस्तातल्यापासून. फ्लुइडमध्ये हवा असेल तर एअर काढायची. जुनं फ्लुइड तसंही पूर्ण बदला, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि तुमची गाडी इतके पावसाळे उभी होती. पेडल आणि मास्टरचा दांडा जोडणारी क्लेव्हिस पिन काढून हातात घ्या. ती एका बाजूनं खाल्लेली आणि पेडलचं भोक लांबट झालेलं असं हमखास सापडतं. तिथे गेलेला एक मिलिमीटर खाली फोर्कपाशी जाणवतो, आणि फोर्कच्या टोकाला अशीच एक पिन आहे, तीही झिजते. स्लेव्हचं रबरी बूट सोलून आत ओलं आहे का पाहा. पायाशी, पेडलच्या मागे रंग सुटलेला दिसला तर मास्टर गळतोय, कारण हे फ्लुइड रंग खातं. शेवटी स्लेव्हकडे जाणारा रबरी होज. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण आतून सुजलेला असतो किंवा दाबाखाली फुगतो. तो कितीही चांगला दिसला तरी नवा घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

दांडा पूर्ण अर्धा इंच सरकतोय आणि तरी रिव्हर्स ओरडतोय, असं झालं तर दोष हाउसिंगच्या आत. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत क्लच प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून घट्ट बसते, मागेपुढे सरकत नाही. किंवा क्रँकच्या टोकातलं छोटं पितळी बुश, ज्यात बॉक्सच्या शाफ्टचं नाक बसतं, ते शाफ्टला धरून ठेवतं. मग क्लच सुटला तरी बुश शाफ्टला फिरवत राहतं. या दोन्हींसाठी इंजिन काढावं लागेल. पण तिथपर्यंत आपण मोजून पोचलेले असू.

आता ऑइल. मिस्त्रींनी चांगल्या हेतूनं नव्वद नंबर टाकलं असेल, कारण आपल्याकडे गिअरबॉक्स म्हटलं की हात त्याच डब्याकडे जातो. एमजीबीच्या बॉक्सला इंजिन ऑइल लागतं. आज बाजारात मिळणारं वीस-पन्नास ग्रेडचं (20W-50) इंजिन ऑइल त्याला योग्य. नव्वदचं हायपॉइड ऑइल त्याच गाडीच्या मागच्या एक्सलसाठी आहे, घोटाळा बहुधा तिथे होतो. त्यातली काही रसायनं पितळ-काशाच्या रिंगांना दीर्घकाळात त्रास देतात, आणि सकाळच्या गारव्यात ते इतकं दाट असतं की सिंक्रोला वेग जुळवायला वेळ लागतो.

ओव्हरड्राइव्हचं तर त्याच्याशी थेट नातं आहे. तुमच्या गाडीत बॉक्सच्या शेपटीला लेकॉक कंपनीचं डी-टाइप ओव्हरड्राइव्ह युनिट असणार. त्याचा पंप आणि बॉक्स एकाच ऑइलवर चालतात, आणि आतला शंकूच्या आकाराचा क्लच घर्षणानं पकड घेतो. घर्षण कमी करणारं ऑइल गेलं की तो घसरतो. म्हणून ऑइल गरम असताना पूर्ण काढा. बॉक्सचा प्लग वेगळा आणि ओव्हरड्राइव्हच्या बुडाचा वेगळा, दोन्ही उघडायला सांगा, आणि ओव्हरड्राइव्हमधली जाळी धुऊन घ्या. वीस-पन्नास भरा, थोडे दिवस चालवा आणि पुन्हा एकदा काढून नवं भरा, म्हणजे कानाकोपऱ्यातलं नव्वद निघून जाईल. पातळी पाहायची डिपस्टिक गिअरच्या बोगद्यावर, कार्पेटखालच्या रबरी बुचाच्या आत आहे. अनेकांना ती ठाऊकच नसते.

तरी लागला नाही तर वायरिंग बघा. इग्निशन चालू, इंजिन बंद, चौथा गिअर टाकून डॅशवरचा खटका दाबा. खालून सोलेनॉइडचा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विजेच्या खटक्याचा, ‘टक’ ऐकू यायला हवा. ‘टक’ नसेल तर दोष विजेचा. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या-चौथ्यातच लागावा म्हणून बॉक्सवर एक स्विच आहे, तो आणि त्याच्या वायरी आधी तपासा. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा: ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी रिव्हर्स घ्यायची नाही. तो अडकून राहिलाय अशी शंका आली तरी नाही. आतला एकदिशी क्लच मोडतो आणि युनिट जातं.

ते काढलेलं ऑइल फेकू देऊ नका. या सगळ्या तपासात सर्वांत जास्त तेच बोलतं. जुन्या पांढऱ्या धोतराचं किंवा पंच्याचं स्वच्छ कापड पातेल्यावर बांधा, ऑइल त्यातून गाळा आणि कापड उन्हात धरा. करडा, गुळगुळीत गाळ थोडा असेल तर ती वयाची झीज. पिवळी चमक म्हणजे सिंक्रो रिंगांचं पितळ. मग कापडाखालून लोहचुंबक फिरवा. त्याला चिकटणारे टोकदार कण, खवल्यांसारखे पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे मिळाले तर गाडी चालवणं थांबवा.

तिसऱ्या गिअरबद्दल मी निकाल देत नाही, कारण क्लच आणि ऑइल दुरुस्त होईपर्यंत त्याची परीक्षाच खरी होणार नाही. न सुटणारा क्लच सगळ्याच सिंक्रोंवर ओझं टाकतो, आणि त्यात जो सर्वांत झिजलेला असतो तो आधी ओरडतो. दोन्ही कामं झाल्यावर रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी गरम करून नेहमीसारखा चौथ्यातून तिसरा टाकून पाहा. मग डबल क्लच करून टाका: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी, पुन्हा क्लच दाबून तिसरा. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा पाय हे झोपेतही करायचा. साध्या पद्धतीनं ओरडतो आणि डबल क्लचनं लोण्यासारखा पडतो, फक्त तिसराच असं करतो, तर तिसऱ्याची रिंग झिजली. दुसरा आणि चौथाही ओरडत असतील तर पुन्हा क्लचकडे जा.

रिंग झिजलीच असली तरी ती एकटी असेल तर मी त्यासाठी इंजिन काढायला सांगणार नाही. डबल क्लचची सवय लावून घ्या, रिंग पुढची कितीतरी वर्षं काढेल. या गाडीवर ते शिकण्यात आनंदही आहे. तिसरा उतारावर आपोआप निसटून न्यूट्रलला येत असेल तर मात्र मला कळवा, तो वेगळा आजार आहे. त्यात फोर्क, हब आणि स्प्रिंग-गोळ्या पाहाव्या लागतात, आणि घाटात ते धोक्याचंही आहे. त्याआधी गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असलेलं छोटं बुश आणि बॉक्सखालची रबरं बघून घ्या. ऑइलनं फुगलेल्या रबरांमुळे सगळा बॉक्स हलतो आणि दोष गिअरवर येतो.

आता घरघर. ही मी सर्वांत गांभीर्यानं घेतो.

क्लच सोडलेला असताना, न्यूट्रलमध्येही, बॉक्सचा पहिला शाफ्ट फिरत असतो आणि तो खालच्या ले-शाफ्टवरच्या गिअरांच्या जुडग्याला कायम फिरवतो. क्लच दाबला की दोन्ही थांबतात. तुमची घरघर क्लच दाबल्यावर जाते, म्हणजे आवाज पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगचा तरी आहे, किंवा ले-शाफ्टवरच्या सुई-बेअरिंगांचा. उलट असतं, दाबल्यावर आवाज आला असता, तर रिलीज बेअरिंग म्हटलं असतं. या गाडीत ते कार्बनचं असतं आणि पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्यांकडे लवकर संपतं.

दोघांतलं कोण, हे चालवताना कळतं. चौथ्या गिअरमध्ये ताकद पहिल्या शाफ्टमधून थेट मागे जाते, ले-शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर भार नसतो. पहिल्या तीन गिअरांत सगळा भार त्याच्यावर. तेव्हा ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्यात जोर देताना घरघर वाढते आणि चौथ्यात एकदम निवळते, असं झालं तर ले-शाफ्ट. चौथ्यातही तितकीच राहिली तर पहिल्या शाफ्टचं बेअरिंग. आणि वेगात न्यूट्रल करून गाडी नुसती धावू दिली तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढ-उतार करत राहिला, तर तो भाग मागच्या एक्सलचा किंवा चाकांचा, बॉक्सचा नव्हे. टप उघडा ठेवून भिंतीच्या कडेनं जा, आवाज परत कानावर येतो आणि फरक चांगला ओळखू येतो. पण सपाटीवरच. घरघर आहे तोवर कात्रज, ताम्हिणी काहीही नको.

माझा अंदाज ले-शाफ्टचा आहे. उभ्या गाडीत बॉक्सच्या आत ओलावा धरतो, सुयांवर आणि शाफ्टवर बारीक खड्डे पडतात. शाफ्टचा कडक केलेला थर अगदी पातळ असतो. एकदा तो फुटला की खालचं मऊ लोखंड भराभर जातं, गिअर एकमेकांपासून दूर सरकतात, दाते कडेवर घासतात. आज ज्याला शाफ्ट आणि सुया पुरल्या असत्या, त्याला पुढे गिअरांचं आख्खं जुडगं लागतं. म्हणून क्लच आणि ऑइलच्या परीक्षा झाल्या की बॉक्स उतरवावा लागेल, यात मी मिस्त्रींशी सहमत आहे. फरक इतकाच की तेव्हा काय बदलायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

उतरवाल तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, कार्बन बेअरिंग, क्रँकमधलं बुश आणि इंजिन-बॉक्सची रबरं एकाच वेळी नवी घाला. झिजलेली तिसऱ्याची रिंगही तेव्हाच. होज, फ्लुइड, ऑइल नाना पेठेत मिळेल. ले-शाफ्टची नक्कल भोसरीत उत्तम बनू शकते, तिथे गिअरचं आणि उष्णता-प्रक्रियेचं काम करणारे कसलेले कारागीर आहेत. पण नुसत्या लेथवर काढलेला शाफ्ट घेऊ नका. केस हार्डनिंग (वरचा थर कडक करणं) आणि त्यानंतर ग्राइंडिंग झालंय का, हे विचारूनच घ्या. मी स्वतः हा भाग ब्रिटनहून मागवेन. एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नियमित तयार होतात. मागवताना तीन सिंक्रोंचा, ओव्हरड्राइव्हवाला बॉक्स असं स्पष्ट लिहा. १९६७ नंतरचा बॉक्स वेगळा आहे, त्याचे भाग यात बसत नाहीत.

पाच गिअरच्या बॉक्सविषयी शेवटचं. दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवायला माउंटिंग बदलतं, प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो, बोगद्याचा पत्राही कापावा लागू शकतो. पत्रा एकदा कापला की मामांची गाडी पहिल्यासारखी होत नाही. हायवेसाठी पाचवा गिअर हवा असेल तर तुमचा ओव्हरड्राइव्ह तेच काम करतो, तेही तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गिअरांत. तो चालू करून घेणं जास्त स्वस्त आणि जास्त योग्य.

क्लचच्या दांड्याचं माप, कापडावरच्या गाळाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो आणि घरघर चौथ्यात निवळते की नाही, एवढ्या तीन गोष्टी मला लिहून पाठवा. त्या आल्या की मिस्त्रींना द्यायची कामाची यादी मी तुम्हाला क्रमवार करून देईन.